तोरणाची वीण आणि हौसेचा हिशेब

आषाढ संपत आला, की आमच्याकडे येणाऱ्या पत्रांचा सूर पालटतो. एरवी बाळंतविड्यातील टोपरे, टेबलावरचा रुमाल, उशीच्या अभ्र्याची किनार असे प्रश्न असतात. परंतु श्रावण जवळ आला म्हणजे दर दुसऱ्या पत्रात एकच विचारणा: मखरासाठी क्रोशाचे तोरण कसे करावे, आणि ते चतुर्थीपर्यंत हातावेगळे होईल काय? 2018 साली आपल्या राज्यात थर्मोकोलच्या सजावटीस बंदी झाली, तेव्हापासून ही विचारणा वाढली आहे. तयार मखर आणून उभे करण्याची सोय गेली, आणि पुष्कळ घरांतून माळ्यावरच्या लाकडी चौकटी पुन्हा खाली उतरल्या. चौकटीस शोभा आणावयाची तर कापड, कागद, फुले आणि सूत एवढीच साधने हाताशी राहतात. त्यांपैकी सुताचा विषय आमच्याकडचा.

या महिन्याचे लेखन मात्र नेहमीच्या टेबलाशी झालेले नाही. ते झाले रोह्यास, आमच्या माहेरच्या ओटीवर. दरवर्षी मूर्ती सांगण्याच्या निमित्ताने आम्ही पेण येथे उतरतो आणि तसेच पुढे रोह्यास जातो. दिव्याहून येणारी गाडी पेण सोडते ती कासू, नागोठणे, निडी करीत रोह्यास पोहोचते. भाताच्या खाचरांत पाणी भरलेले असते, आणि डब्यात बसावयास जागा मिळाली तर एखादे लहानसे फूल विणून होते. (क्रोशाच्या बाबतीत हा एक मोठाच लाभ. लोकरीच्या दोन लांब सुया शेजाऱ्याच्या बरगडीत जातात. क्रोशाची आकडी मुठीत मावते.)

पेणच्या कारखान्यात त्या दिवशी रंगकाम चालू होते. फळीवर शाडूच्या मूर्तींची रांग, आणि त्यांच्यासमोर बसून एक बाई बारीक कुंचल्याने डोळ्यांची आखणी करीत होती. आम्ही उंची सांगितली, त्यांनी भाव सांगितला, आणि विसार देऊन आम्ही बाहेर पडलो. पुढे बाजारात पोह्याचे पापड आणि मिरगुंडे घेतली. तेथेही भाव ठरलेला होता. घासाघीस करावी, असे दोन्ही ठिकाणी आमच्या मनातही आले नाही. ही गोष्ट त्या वेळी ध्यानात राहण्यासारखी मुळीच नव्हती. संध्याकाळी रोह्यास गेल्यावर ती आठवली.

आमच्या भाचेसुनेचा हात क्रोशावर फार चांगला आहे. लग्न होऊन ती घरात आली तेव्हा तिला साखळीसुद्धा घालता येत नव्हती. आमच्या आईने तिला शिकविले, आणि आता आईच्या डोळ्यांना बारीक सूत दिसत नाही म्हणून आईचे अर्धवट राहिलेले कामही तीच पुरे करते. चहा झाल्यावर तिने आपल्या फोनवर आलेला निरोप आम्हांस वाचून दाखविला. मुंबईच्या एका दुकानास चतुर्थीपूर्वी दहा तोरणे हवी होती. नमुना म्हणून गेल्या वर्षी तिने केलेल्या तोरणाचे छायाचित्र त्यांनी कोठून तरी मिळविले होते. नगास अडीचशे रुपये, सूत करणारीचे. आणि शेवटी एक वाक्य, की आपण हे हौसेने करता, तेव्हा दराविषयी अडचण पडू नये.

"आत्या, काय कळवू?" तिने विचारले.

आम्ही काही बोलण्यापूर्वी आतून आई म्हणाली, "अगं, हौसेने केलेल्याचे पैसे कसले मोजायचे? मी अर्ध्या आळीला तोरणे करून दिली, एक पैसा घेतला नाही."

हे खरे आहे. आणि आईचे म्हणणे आम्ही हसण्यावारी नेणार नाही. तिने ज्या घरी तोरण दिले, त्या घरून आमच्या घरच्या मुंजीस वाफे भरून भाजी आली; ती आजारी पडली तेव्हा त्याच घरच्या सुनांनी पंधरा दिवस आळीपाळीने पोळ्या लाटल्या. तेथे पैशाचा हिशेब नव्हता, पण हिशेबच नव्हता असे कोणी समजू नये. प्रश्न एवढाच, की मुंबईचे दुकान पोळ्या लाटावयास येणार आहे काय?

तथापि वाद घालण्याऐवजी आम्ही एक सुचविले. एक तोरण घड्याळ समोर ठेवून करावे आणि किती वेळ लागतो तो कागदावर लिहावा. दुसऱ्याच दिवशी आम्ही दोघी बसलो. विणकाम तिचे, टिपण आमचे. तेच तोरण वाचकभगिनींसाठी येथे सविस्तर देत आहोत.

प्रथम माप. मखराची कमान मोजण्याआधी मूर्ती मोजावी. ती पाटावर बसल्यानंतर मुकुटाच्या टोकापर्यंत किती उंच होते, ते पाहावे. तोरणाची झालर मुकुटाच्या बरीच वर राहिली पाहिजे. शाडूची बोटे नाजूक असतात, आणि सुताचा फासा त्यांत अडकून झटका बसला तर चतुर्थीच्या सकाळी घरात काय प्रसंग ओढवेल, ते सांगावयास नको. समई आणि निरांजन यांच्यापासूनही ते दूर असावे. सूत पेट घेते.

सूत 20 नंबरचे, पांढरे, पीळदार घ्यावे. सुताचा नंबर जसा वाढतो तसे सूत बारीक होते, हे नवशिक्या भगिनींनी लक्षात ठेवावे. 40 नंबरचे सूत दिसते सुरेख, पण पहिल्या तोरणास ते घेऊ नये. 20 नंबरास सव्वा मिलिमीटरची पोलादी आकडी ठीक पडते. कोकणच्या पावसात पोलादास गंज चढतो, आणि गंजाचा डाग पांढऱ्या सुतावरून सहजी जात नाही. म्हणून काम उचलताना आकडी कोरड्या फडक्याने पुसावी, आणि रात्री ती विणीत अडकवून ठेवू नये. लाल सूत घालावयाचे असेल तर त्याचा एक तुकडा पांढऱ्या चिंधीत गुंडाळून कोमट पाण्यात तासभर ठेवावा. चिंधी रंगली, तर ते सूत या कामास उपयोगाचे नाही.

तोरणाची वीण चौकोनी जाळीची. एक खांब, दोन साखळ्या, पुन्हा खांब, एवढ्यात एक रिकामा चौकोन होतो. चौकोन भरावयाचा तर दोन साखळ्यांऐवजी दोन खांब घालावे. ज्यांनी ठिपक्यांची रांगोळी काढली आहे त्यांना ही वीण शिकवावी लागत नाही. चौकटीच्या कागदावर पेन्सिलीने घरे काळी केली, की नक्षी तयार. एका भरलेल्या चौकोनास दोन्ही कडा धरून 4 खांब लागतात. लागून दोन भरले तर 7, तीन भरले तर 10, पाच भरले तर 16.

आता किती चौकोन? पुस्तकातील आकडा डोळे मिटून घेऊ नये, कारण प्रत्येकीचा हात निराळा. आमच्या आईची वीण इतकी घट्ट, की तिच्या दहा चौकोनांत भाचेसुनेचे आठच बसतील. आधी दहा चौकोनांचा तुकडा विणून तो मोजावा. आमचा तुकडा 5 सेंटिमीटर भरला. कमान होती 60 सेंटिमीटर, म्हणजे 120 चौकोन पुरले असते; परंतु नक्षीचा मेळ बसावा म्हणून आम्ही 125 घेतले. अडीच सेंटिमीटर अधिक झाले ते मध्ये किंचित झोल देण्यात गेले, आणि झोल असलेले तोरण ताणलेल्या तोरणाहून बरेच दिसते.

साखळ्या किती, याचे गणित सोपे आहे: चौकोनांची तिप्पट आणि वर पाच. 125 चौकोनांस 380. शेवटच्या साखळ्या एकामागून एक मोजताना हमखास चूक होते, म्हणून दर पन्नास साखळ्यांवर रंगीत दोऱ्याची खूण बांधावी. सुईपासून आठव्या साखळीत पहिला खांब. तेथून दोन साखळ्या घालून खालच्या दोन सोडाव्या आणि तिसरीत खांब, असे टोकापर्यंत. दुसऱ्या ओळीपासून काम वळवून आरंभी पाच साखळ्या घ्याव्या. त्यांतील तीन म्हणजे खांब आणि दोन म्हणजे चौकोनाची वरची बाजू. ओळ संपताना शेवटचा खांब मागील ओळीच्या त्या पाच साखळ्यांपैकी तिसरीत घातला पाहिजे. बहुतेक भगिनी नेमका हाच खांब विसरतात, आणि मग तोरण एका बाजूने निमुळते का होत चालले म्हणून आम्हांस पत्र लिहितात.

पाच ओळी मोकळ्या विणून झाल्या, की सहाव्या ओळीपासून स्वस्तिक. एका स्वस्तिकास पाच चौकोन रुंदी आणि पाच ओळी उंची पुरते. कागदावर डावीकडून वाचल्यास वरची ओळ अशी: एक भरलेला, एक रिकामा, तीन भरलेले. दुसरी: एक भरलेला, एक रिकामा, एक भरलेला, दोन रिकामे. तिसरी: पाचही भरलेले. चौथी: दोन रिकामे, एक भरलेला, एक रिकामा, एक भरलेला. पाचवी: तीन भरलेले, एक रिकामा, एक भरलेला. दोन स्वस्तिकांमध्ये पाच रिकामे, आणि दोन्ही टोकांसही पाच पाच रिकामे सोडले, की 125 चौकोनांत 12 स्वस्तिक बरोबर बसतात. नंतर वर पुन्हा पाच मोकळ्या ओळी, एकंदर पंधरा.

येथे एक धोका आहे. क्रोशाचे काम ओळीओळीने वळत जाते. म्हणून कागदावरील नक्षी एक ओळ उजवीकडून डावीकडे आणि पुढची डावीकडून उजवीकडे अशी वाचावयाची असते. ही गोष्ट विसरून सगळ्या ओळी एकाच दिशेने वाचल्या, तर स्वस्तिकाचे हातपाय भलतीकडे जातात, आणि उसवण्यावाचून गत्यंतर राहत नाही. स्वस्तिक वरून विणला काय नि खालून विणला काय, तोच राहतो. परंतु पाठीमागून पाहिला तर मात्र डावा होतो. तेव्हा तोरण टांगण्यापूर्वी समोर उभे राहून वरच्या टोकाचा हात आपल्या उजवीकडे वळला आहे ना, ते पाहावे. नसेल, तर तोरण नुसते पालटून लावावे. आमच्या परिचयाच्या एका घरी तीन वर्षे ते उलटेच लागत होते, आणि आरतीस जमलेल्या एवढ्या मंडळींत कोणाच्याही ते ध्यानात आले नाही.

खालच्या कडेस झालर. पहिल्या चौकोनात एक मुका खांब, म्हणजे आकडीवर सुताचा वेढा न घेता घातलेला आखूड खांब. दुसरा चौकोन सोडून तिसऱ्यात नऊ खांब. चौथा सोडून पाचव्यात पुन्हा मुका खांब. नवांपैकी पाचवा खांब झाला, की तीन साखळ्या घालून त्या खांबाच्याच डोक्यात अडकवाव्या. टोकास लहानशी गाठ येते. 125 चौकोनांत असे 31 कंगोरे पुरे होतात आणि एकही चौकोन उरत नाही. गोंडे लावावे की न लावावे, हे ज्याच्या त्याच्या आवडीवर. आम्हांस ते आवडत नाहीत.

तयार तोरण धुऊन, साबुदाण्याची पातळ खळ करून त्यात बुडवावे, आणि पाटावर जाड कापड पसरून न गंजणाऱ्या टाचण्यांनी प्रत्येक कंगोरा ओढून लावावा. पावसाळ्यात खळ वाळण्यास वेळ लागतो आणि तिला आंबूस वास येतो. म्हणून उघडीप पाहूनच हे काम काढावे. विसर्जनानंतर खळ पुरती धुऊन टाकल्याशिवाय तोरण ट्रंकेत ठेवू नये, कारण खळीच्या वासावर कसर येते. आईची जुनी दोन तोरणे अशीच गेली.

आता आमचे टिपण. 125 चौकोनांची एक ओळ भाचेसुनेस सुमारे 50 मिनिटे लागली. पंधरा ओळींचे साडेबारा तास झाले. झालरीचे साडेतीन, धुणे, खळ आणि टाचण्या यांचा दीड तास. एकूण साडेसतरा. सूत सव्वाशे रुपयांचे. अडीचशेतून सव्वाशे गेले, आणि उरलेल्या सव्वाशेस साडेसतराने भागिले, तर ताशी सात रुपयांच्या आसपास पडतात. आणि हा हात सरावलेला, उसवावे न लागलेला. आम्ही हा आकडा मोठ्याने वाचला तेव्हा भाचेसून काही बोलली नाही. तिने कागद आमच्या हातून घेतला आणि भागाकार पुन्हा एकदा करून पाहिला.

ही गोष्ट एकट्या रोह्याची नाही. पायमोजे विणण्याचे यंत्र इंग्लंडात 1589 साली निघाले. शिवण्याची, भरतकामाची यंत्रे पुढे निघाली. परंतु बाजाराला पुरेल इतका खरा क्रोशा विणणारे यंत्र अद्याप आलेले नाही. दुकानात यंत्राची जी स्वस्त लेस क्रोशासारखी दिसते, तिची वीण निराळी असते. म्हणून जेथे खरा क्रोशा स्वस्त विकला जात असेल, तेथे कोठे तरी एक बाई डोळे ताणून बसलेली असलीच पाहिजे. आयर्लंडात 1845 पासून बटाट्याचे पीक नासून भयंकर दुष्काळ पडला, तेव्हा तेथील मठांतून मुलींना क्रोशाची लेस शिकविली गेली, आणि त्या लेसवर पुष्कळ कुटुंबे तगली. हे काम हौसेचे आहे, असे त्या घरांतून कोणी म्हटले नसेल.

आपल्या देशात याच्या उलट घडले. आंध्रात गोदावरीच्या मुखाजवळ नरसापूर आहे. तेथे एकोणिसाव्या शतकात मिशनऱ्यांनी क्रोशाची लेस शिकविली, आणि पुढे ती परदेशी जाऊ लागली. मारिया मीस या जर्मन विदुषीने तेथील बायकांवर लिहिलेला ग्रंथ 1982 साली प्रसिद्ध झाला. एकीने फक्त फुले करावयाची, दुसरीने ती जोडावयाची, आणि माल दलालामार्फत व्यापाऱ्याकडे जावयाचा, असा तेथला क्रम. दिवसाचे सहा-सहा, आठ-आठ तास काम करूनही त्यांची कमाई शेतमजूर बाईच्या रोजापेक्षा कमी होती. असे का? तर या बायका कामगार नव्हेत, घरंदाज गृहिणी आहेत, रिकाम्या वेळी करमणूक म्हणून विणतात, असे व्यापारीही म्हणत आणि त्यांच्या घरचे पुरुषही म्हणत. कष्टाची गणती होऊ नये म्हणून त्याला नुसते दुसरे नाव दिले होते. नरसापूरच्या त्या लेसला आता भौगोलिक मानांकन मिळाले आहे, जसे पेणच्या मूर्तींना मिळाले आहे. मानांकनाने मालाचे नाव राखले जाते. विणणारीच्या हातात काय पडते, हा हिशेब निराळा मांडावा लागतो.

पेणच्या पापडाकडे पाहा. पापड लाटणे हेसुद्धा घरोघरी दुपारच्या वेळेचेच काम होते, आणि आमच्या आजीने ते कधी मोजले नाही. ते बाजारात गेले, आणि आज शेकड्याचा दर विचारल्याशिवाय कोणी लाटीस हात लावीत नाही. त्यात कोणाची प्रतिष्ठा गेली असे ऐकिवात नाही. मूर्तीचे डोळे आखणाऱ्या त्या बाईसही कोणी हौशी म्हणत नाही, आणि ती मन लावून काम करीत नाही, असेही आम्हांस दिसले नाही. क्रोशाच्याच वाट्यास हा शब्द का यावा, ते आम्हांस उमगत नाही.

आमच्या काही वाचकभगिनींस हा सूर रुचणार नाही, हे आम्ही जाणतो. ज्यांना केवळ आनंदासाठी विणावयाचे आहे, त्यांनी खुशाल विणावे. आम्हीही तशाच विणतो, आणि या वर्षीचे आमच्या घरचे तोरण कोणी मोजलेले नाही. पण विकत घेणाऱ्याने आपल्या आनंदाचे पैसे कापून घ्यावे, हे बरोबर नव्हे. ज्यांना तोरणे विकावयाची असतील त्यांनी निदान पहिल्या नगाचे तास लिहून ठेवावे, सुताची पावती जपावी, आणि मग भाव सांगावा. तो भाव ऐकून गिऱ्हाईक परत गेले, तर जाऊ द्यावे.

रोह्यास काय झाले, ते सांगतो. रात्री जेवणे झाल्यावर आईने तो कागद मागून घेतला. तिला अक्षर दिसेना, म्हणून भाचेसुनेने वाचून दाखविला. आई बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "साडेसतरा तास? मी तर कधी बघितलेच नाही घड्याळाकडे. बघितले असते तर निम्मी आळी बिनतोरणाची राहिली असती." आणि मग, थोड्या वेळाने, "त्याला लिही, दहा होणार नाहीत. तीन होतील. आणि सूत त्याचे."

भाव भाचेसुनेने स्वतः ठरविला. तो आम्ही येथे छापीत नाही, कारण तो तिच्या हाताचा भाव आहे, सर्वांच्या नव्हे. दुकानाने चार दिवस उत्तर दिले नाही. पाचव्या दिवशी दोन तोरणांचे सूत आले.

आळीतील एका नव्या बिऱ्हाडास पहिल्यांदाच गणपती येणार आहे. त्यांचे तोरण मात्र आईच्या सांगण्यावरून आधी सुरू झाले आहे, आणि त्याची वेळ कोणी टिपून ठेवलेली नाही.

पुढील अंकी बाळाच्या टोपऱ्याची गोल वीण देऊ. ज्या भगिनींनी वाढीव टाक्यांची गोम विचारली आहे त्यांनी तोवर 20 नंबरचेच सूत आणून ठेवावे.